कमळीमावशीचे फिरते बोंबील

आमच्या नवापुरात कोणी रिकाम्या हाताने चालताना दिसलं, की त्याच्या घरी भांडण झालं असं समजतात. फिरायचं म्हणून फिरणं ही बोईसरच्या कॉलनीतल्या लोकांची चैन. त्यामुळे डॉक्टरांनी कमळीमावशीला रोज चालायला सांगितलं, तेव्हा तिच्यावर केवढं संकट कोसळलं हे त्या मुंबईच्या माणसाला कळणं शक्यच नव्हतं.

मावशी जन्मभर मासळी विकणारी. गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, मुंबईला नेऊन स्टेंट टाकला, वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पडून राहिलात तर हृदय आणखी कमजोर होईल. त्यासाठी हॉस्पिटलात खास वर्ग होते. चालायचं यंत्र, शेजारी नर्स, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. आठवड्यातून तीनदा यायचं. म्हणजे थोडा वेळ चालण्यासाठी रिक्षा, गाडी आणि टॅक्सीत मिळून अख्खा दिवस बसायचं. असं काही पालघर-बोईसरकडे आहे का, असं मुलाने विचारलं. तिथल्या बाईंनी फार प्रेमाने त्याच्या हातात एक रंगीत पुस्तिका ठेवली.

मुलगा दर्पण बोईसरला कारखान्यात आहे. नर्सशिवाय चालताना काही झालं तर, या धास्तीने त्याने आईला ओटीवर खुर्ची टाकून दिली आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं, आई चालताना दिसली तर बसवून घरी आणा. एरवी हाका मारून घसा बसला तरी न थांबणारी ही मंडळी. पण मावशी चार घरं ओलांडते न ओलांडते तोच रिक्षा हजर, तीही फुकट.

शेवटी दर्पण ड्युटीला गेल्यावर तिने माळ्यावरची मासळीची पाटी काढली आणि डोक्यावर घेऊन निघाली. एकही रिक्षा थांबली नाही. पाटीवाली बाई कामाला निघालेली असते, आणि कामाला निघालेल्या बाईच्या हृदयाची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. फक्त होडीवाले कुरकुरले, सकाळी सकाळी रिकामी पाटी समोर येते, अपशकुन होतो म्हणून. मग तिने पाटीत मूठभर सुके बोंबील टाकले. कोणी भाव विचारला की ते आधीच विकले गेलेले असत. महिनाभर तेच बोंबील किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येत होते. गावात त्यांच्याइतका व्यायाम कोणाचा झाला नसेल. मावशीचा दम मात्र सुधारला.

पलीकडच्या आळीत तिचा भाऊ रामू. तिच्यामागोमाग त्यालाही स्टेंट टाकला. त्याला घरच्यांनी फुलासारखं जपलं. पाणी हातात, जेवण खाटेवर, दाढीसुद्धा खाटेवर. त्याला जरा चालवा, असं सांगायला मावशी दोनदा गेली. भावजय म्हणाली, आजारी माणसाला राबवतात असं लोक म्हणतील. लोक तसं म्हणाले नाहीत. उलट सगळं गाव त्या घराचं कौतुक करत राहिलं, आणि पावसाळा सरता सरता रामू त्याच खाटेवर गेला. मला फार वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला, पण तो कोणावर काढायचा ते अजून ठरत नाही.

तेराव्याचं जेवण आटोपून मावशी निघाली, तर दर्पणने रिक्षा थांबवून तिचा दंड धरला. तिने हात सोडवून घेतला.

"रामूला आपण बसवून बसवून घालवला," ती म्हणाली. "मी आता चालणार हाय."

रिक्षा निघून गेली. दर्पण तिच्यामागून चालू लागला. वाटेत कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, कुठे निघालात.

"कुठंच नाय," मावशी म्हणाली. डोक्यावर पाटी नव्हती.