अस्वल परत आलं की नाही

कचेरीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणायचे. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे वेलांटीकाका. साठीला टेकलेले, पाठीत जरा वाकलेले आणि सवय अशी, की दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं तरी जेवण गोड लागायचं नाही. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. छापखाना बंद पडला, तेव्हा ओळखीने इथे चिकटले.

इथलं काम सांगायला सोपं होतं. सिनेमा बघून लोक जी मतं लिहून पाठवतात ती वाचायची आणि चार खणांत टाकायची : आवडला, नावडला, धड ना इकडे धड ना तिकडे, आणि इतर. दिवसाला पाचशे मतं. शनिवारी सगळ्याचा एकपानी गोषवारा करून सिनेमावाल्यांना पाठवायचा. काकांच्या वाट्याला आली होती ती मुलांच्या पुस्तकांवरून काढलेली पाच सिनेमांची मालिका. दोन भावंडं कोरड्या विहिरीत उतरतात, खाली बर्फाचं राज्य लागतं आणि तिथे त्यांना एकडोळं अस्वल भेटतं, अशी ती गोष्ट. चार भाग येऊन गेले होते. पाचवा, शेवटचा, नुकताच लागला होता.

पहिल्या चार भागांच्या वेळी मतं नेहमीसारखीच असायची. बहीण पुस्तकात काळीसावळी आहे, इथे गोरी का? गाणी कशाला घातली? अस्वलाचा आवाज छान, पण दात फार पांढरे. काका वाचत, खणात टाकत आणि दुपारी चारला डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसत.

पाचव्या भागाने मात्र मोहोळ उठलं. सिनेमाच्या शेवटी अस्वल बर्फातलं दार बाहेरून लोटून घेतं आणि जातं ते जातंच. मुलं सकाळपर्यंत वाट बघतात, अस्वल येत नाही. पडदा काळा होतो.

‘धडधडीत खोटं! पुस्तकात अस्वल परत येतं.’

‘माझ्या मुलीला काय सांगू मी? ती आल्यापासून जेवली नाही.’

‘आमच्या बालपणावर बोळा फिरवलात.’

‘ज्यांनी मूळ पुस्तक वाचलंय त्यांनाच कळेल. अस्वल कधीच परत आलं नव्हतं. सिनेमा बरोबर आहे.’

या शेवटच्या मतावर दोनशे जण तुटून पडले. मूळ परक्या भाषेतलं पुस्तक वाचलेले एकीकडे, अनुवाद वाचून मोठे झालेले दुसरीकडे. दोन दिवस नुसती हमरीतुमरी. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली आणि सगळा राग एका ठिकाणी जाऊन बसला. अनुवाद करणाऱ्या बाईंवर.

‘या बाईंनी शेवट बदलला. कुणी अधिकार दिला?’

‘लहान मुलांना फसवलं. म्हातारी जिवंत असेल तर जाब विचारा.’

काका हे सगळं ‘इतर’मध्ये टाकत होते. एका मताला पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडलेला होता. काकांनी तो मोठा करून पाहिला. ‘मुलांनी सकाळपर्यंत वाट पाहिली. अस्वल परत आले’. एवढंच. पुढे पूर्णविराम नव्हता.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. काकांना मात्र लगेच दिसलं.

हे पुस्तक त्यांनीच तपासलं होतं. बावीस वर्षांपूर्वी. त्या पानाचं त्यांना सगळं आठवलं. शेवटचा शब्द तेवढा पुढच्या कोऱ्या पानावर सांडला होता, एकटाच. एका शब्दासाठी अख्खं पान जात होतं, म्हणून त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘वर घ्या’. पुढच्या खेपेला मुद्रित आलं तेव्हा ते जादा पान गेलेलं होतं. पान सुटसुटीत दिसलं आणि त्यांनी सही ठोकली. शब्द वर आलाच नव्हता. पानाबरोबर तोही गेला होता. शब्द होता ‘नाही’.

त्या दिवशी घरात कुणी आजारी होतं, की डोकं दुखत होतं? काकांनी खूप आठवून पाहिलं. काही सबब सापडेना. साधा दिवस होता आणि त्यांनी पाहिलं नव्हतं, बस.

ते उठून तुकडीच्या प्रमुखाकडे गेले. प्रमुख म्हणजे त्यांच्या मुलीच्या वयाची मुलगी, कानाला सतत काहीतरी लावलेली.

‘मॅडम, ती अनुवादाची भानगड आहे ना, त्यात बाईंची चूक नाही. माझी आहे.’ काकांनी सगळं सांगितलं.

तिने एका कानातलं काढलं. ‘काका, बावीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरताय? कुणाला पत्ताही नाही.’

‘लोक बाईंना वाट्टेल ते बोलतायत.’

‘बोलतील आठ दिवस आणि विसरतील. आणि आपण मतं वाचायची, द्यायची नाहीत. करारात लिहिलंय.’ ती वाईट नव्हती. काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, ‘आज लवकर घरी जा. दमलेले दिसताय.’

दमले तर ते होतेच, पण घरी गेले नाहीत. जुन्या छापखान्याच्या मालकाला फोन करून त्यांनी बाईंचा पत्ता काढला.

तिसरा मजला, अरुंद जिना, दर मजल्यावर धाप. दार बाईंच्या भाचीने उघडलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या घरातल्या, ताठ. डोळे अधू झाले होते, म्हणून भाची त्यांना सगळं वाचून दाखवायची. लोकांची मतंसुद्धा. ‘लपवू नकोस’ अशी बाईंची ताकीद होती.

‘मी शेवट बदलला म्हणतात,’ बाई म्हणाल्या. ‘मला काही आठवत नाही. म्हातारपणी माणूस काय काय विसरतं. बदललाही असेन की काय, असं वाटायला लागलंय.’

काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसून सांगायचा धीर नव्हता.

बाईंनी खिडकीकडची मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, ‘तो एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले होते, माहिती आहे? माझ्यासमोर वर्गातली मुलं होती. वाटलं, पुसावा. कुणाला कळणार आहे? मग वाटलं, मुलांशी खोटं बोलायचं नाही. म्हणून ठेवला. छातीवर दगड ठेवून ठेवला. आणि तुम्ही...’

‘हो.’

‘मुलांची पत्रं यायची. अस्वल आता काय खातं, त्याचा डोळा बरा झाला का, म्हणून विचारायची. मला वाटायचं, बिचारी पोरं, मेलेलं पटत नाही त्यांना. मी एकेकाला समजावून उत्तरं लिहायचे, की गेलेलं माणूस आठवणीत राहतं वगैरे. काय वाटलं असेल त्यांना? म्हणतील, या बाईंनी स्वतःचं पुस्तक वाचलंय की नाही!’

भाचीला हसू आलं. बाईंना आलं नाही.

‘छापलेलं तुम्ही पाहिलं नाहीत?’ काकांनी चाचरत विचारलं.

‘नाही. स्वतःचं छापलेलं मला वाचवत नाही. चुका दिसतात.’ एवढं बोलून त्या थांबल्या. ‘म्हणजे थोडं माझंही चुकलं. पण थोडंच. कागद घ्या. लिहा.’

काकांनी तिथेच टेबलाशी बसून निवेदन लिहिलं. भाचीने वाचून दाखवलं. ‘माझ्या हातून घडलेल्या या अक्षम्य प्रमादाबद्दल मी समस्त वाचकवर्गाची अंतःकरणपूर्वक’ इथे बाईंनी हात वर केला.

‘हे काढा. काय झालं तेवढं लिहा. कोणता शब्द, कसा गेला, कुणी पाहिला नाही.’

पाच ओळी उरल्या. खाली काकांनी आपलं पूर्ण नाव आणि मुद्रितशोधक असं लिहिलं आणि स्वतःच्या हाताने, ज्या जागी लोक भांडत होते तिथेच, ते टाकलं. शनिवारच्या गोषवाऱ्यातही तेच लिहिलं.

सोमवारी त्यांच्यासमोर नेहमीचा ढीग होता. वाचणं भाग होतं.

‘छापखान्यावर ढकलणं सोपं असतं.’

‘आजोबा, एवढं एक काम होतं तुमच्याकडे.’

‘कुणाची का चूक असेना, माझं अस्वल आलं होतं. मी त्याला सिनेमा बघून मरू देणार नाही.’

‘बाई, माफ करा. मी फार वाईट लिहिलं होतं.’ असली मतं तीनच होती. काकांनी मोजली नाहीत म्हटलं तरी मोजली गेली.

आणि एक : ‘तिसाव्या वर्षी कळलं. काकांवर राग नाही. पण आज कामावर गेले नाही.’

हे कुठल्या खणात टाकायचं ते त्यांना ठरवता येईना. संध्याकाळपर्यंत ते तसंच समोर उघडं होतं.

मॅडमनी बोलावलं. करार मोडला होता, वरून विचारणा झाली होती. ती ओरडली नाही. कपडे धुण्याच्या यंत्रांबद्दलची मतं वाचणाऱ्या तुकडीत त्यांना हलवलं, इतकंच. ‘तिथे भावना कमी असतात, काका,’ ती म्हणाली. तिथेही असतात, हे काकांना आठवड्यात कळलं.

दोन महिन्यांनी दुपारी बाईंच्या भाचीचा फोन आला. सिनेमामुळे पाचही पुस्तकं पुन्हा छापायची ठरली होती. प्रकाशकाने बाईंना विचारलं होतं, शेवट कोणता ठेवायचा. लोकांना अस्वल परत आलेलं आवडतं, तसंच ठेवलं तर बरं, असंही सुचवलं होतं.

‘मग बाई काय म्हणाल्या?’

‘आत्या म्हणाली, नाही म्हणजे नाही. आणि मुद्रितं तुम्हीच तपासायची म्हणाली. पाचही.’

‘मी? त्यांना सांगा, चांगली तरुण माणसं आहेत आता.’

पलीकडे फोन हातातून हातात गेल्यासारखा आवाज झाला. ‘तरुणांनी अजून ही चूक केलेली नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही केली आहे. पुन्हा नाही करणार.’ फोन ठेवला गेला.

रविवारी सकाळी गठ्ठा घरी आला. काकांनी तो टेबलावर ठेवला आणि दोरी न सोडता जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले. बायको भाजी निवडत होती.

‘किती पानं आहेत?’ तिने विचारलं.

‘हजाराच्या वर.’

‘मग आधी चष्म्याचा नंबर तपासून या,’ ती म्हणाली. ‘कालच आमटीत साखर घातलीत, मीठ समजून.’