नंदुरबारहून आणलेली मोटारसायकल

उखा पाटील तीस वर्षं सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर उभा राहिला आणि तीस वर्षं मोटारसायकलचं स्वप्न बघत राहिला. शेवटी मोबाइलवरच्या लिलावात एक जुनी मोटारसायकल त्याच्या नावावर सुटली, नऊ हजारांना. गाडी नंदुरबारच्या गोदामात होती. सुरतेला पोचवायचे अकरा हजार, असा लगेच मेसेज आला.

"गाडीपेक्षा भाडं जास्त?" त्यानं फोन करून विचारलं.

"पॅकिंग, विमा, चढउतार," पलीकडचा माणूस म्हणाला. "परवडत नसेल तर स्वतः येऊन न्या."

उखानं फोन ठेवला आणि बायकोला, मंगलाबाईला म्हणाला, "चल, आपणच जाऊन आणू."

सकाळच्या रेल्वेनं दोघं नंदुरबारला गेली. मोटारसायकल चौथ्या किकला सुरू झाली. मंगलाबाई पदर खोचून मागे बसली.

गावाला जाता-येता ही वाट त्यांनी नेहमी डब्यातल्या गर्दीत उभ्यानं काढली होती. आज नवापूरचे सागाचे डोंगर हळूहळू जवळ आले आणि हळूहळूच मागे सरले. सोनगडला त्यांनी चहा घेतला. बारडोलीपाशी हवेत उसाचा गोड वास तरंगत होता. इतकी वर्षं कानांत घुमणारी लूमची खडखड कुठे विरली, ते उखाला कळलंही नाही. मंगलाबाईनं त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. तिला झोप लागली असेल म्हणून त्यानं वेग आणखी कमी केला.

"जागीच शे मी," ती म्हणाली. "अशीच चालू द्या."

दिवेलागणीला दोघं सुरतेत, नवागामच्या आपल्या घरी पोचली. गाडी दाराशी थांबली, तरी बराच वेळ कुणीच उतरलं नाही.