शाब्लीची खराब बाटली

माझं लग्न एका फ्रेंच वाइनमुळे मोडलं असं सांगितलं, की लोकांना वाटतं मुलगा पिणारा निघाला असेल. प्यायले माझे बाबा. तोवर त्यांनी खोकल्याच्या औषधापलीकडे काही तोंडाला लावलेलं नव्हतं.

रायपूर राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाबा नुकतेच रेल्वेतून रिटायर झाले होते. स्थळ समता कॉलोनीतलं, आमच्यासारखंच विदर्भातून आलेलं मराठी घर. पण राजधानी आमच्याआधी त्यांच्या घरात शिरली होती. मुलगा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये इंजिनीअर, काही महिने फ्रान्सला राहून आलेला. त्याच्या आईला कांदेपोह्यांची लाज वाटायची. "वो सब पुराना हो गया, भाभीजी," असं माझ्या आईला ऐकवून तिने आम्हाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि मुलाला तिकडून आणलेली बाटली उघडायला लावली.

मुलगा मला आवडला होता, हे इथेच सांगून टाकते. मला ते लग्न हवं होतं. बाटली उघडताना तो म्हणाला, ही शाब्ली. तिथली जमीन चुनखडीची, कधीकाळी समुद्राखालची, शिंपल्यांनी भरलेली, आणि ते सगळं चवीत उतरतं. पाहुण्यांना आधी, म्हणून आम्हा तिघांचे ग्लास त्याने भरले. त्याची आई पीत नव्हती. स्वतःचा ग्लास त्याने अजून भरला नव्हता.

मी घोट घेतला. गोडाचा मागमूस नाही. आधी कैरीची चुणूक, मग लहानपणी जिभेने पाटी पुसताना लागायची तशी ओल्या दगडाची चव, आणि शेवटी तोंड इतकं स्वच्छ झालं की ते आपणहून पुढचा घोट मागू लागलं. कुणाची खुशामत न करणारी ती चव मला तिथल्या तिथे आवडली. मी ग्लास पुन्हा उचलला, तोच बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

त्यांचा स्वतःचा रिकामा झाला होता. माझा त्यांनी एका दमात संपवला. मग आईचा. एका घोटातच आईचं तोंड वाकडं झालं होतं. ते कुणी बघायच्या आत बाबांनी ग्लास उचलला. मुलगा स्वतःसाठी ओतायला लागला, तर बाबांचा ग्लास पुढे. "मले द्या." त्याने हसून ओतली. "आणखी द्या." बाटली उलटी होईपर्यंत हे चाललं. "भाईसाहब तो पुराने खिलाडी निकले," मुलाची आई म्हणाली. ती हसली आणि माझं लग्न तिथेच संपलं.

परतताना ऑटो थांबवून बाबा नालीपाशी ओकले. तोंड पुसत आईला म्हणाले, "नासली होती वं त्यांची बाटली. पार आंबून गेली होती. पोरानं एवढ्या दुरून आणली, पाहुण्यांसमोर फजिती झाली असती त्याची. संपवून टाकली."

आमच्या घरचा नियमच तो. दुसऱ्याकडे भाजी खारट निघाली तर निमूट आणखी मागून घ्यायची. पाहुण्यांनीच संपवली की घरच्यांना कळायचं कारण उरत नाही. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण बाबांना ते संस्कार वाटायचे.

नकार आला. कारण हळदीकुंकवातून फिरत आमच्यापर्यंत पोचलं: मुलीचा बाप बेवडा आहे. पुढच्या प्रत्येक स्थळाला ते आधीच माहीत असायचं. राजधानी झाली तरी अशा बातम्यांपुरतं रायपूर खेडंच होतं. मी बाबांना म्हटलं, जा आणि खरं काय ते सांगून या.

"काय सांगू? तुमची वस्तू खराब होती म्हणू? त्या पोट्ट्याले काय वाटन?"

मग बेवड्याचा शिक्का घेऊन ते भाजी आणत राहिले, दुसऱ्यांच्या लग्नात मागच्या खुर्चीवर बसत राहिले. आणि मुलाच्या आईला, त्या बाईला, म्हणायचे काय, तर बिचारी, तिला ठाऊकच नाही बाटली नासकी होती ते! मला संताप यायचा. माझं लग्न शेवटपर्यंत झालं नाही. मी नोकरी धरली, आई गेल्यावर बाबांना सांभाळलं.

मागच्या उन्हाळ्यात इथल्याच एका दुकानात मला शाब्ली दिसली. घरी आणली, थंड केली, उघडली. तीच कैरी, तीच ओली पाटी, तेच स्वच्छ तोंड. बाबा खुर्चीतून बघत होते. मी त्यांना थोडी दिली. घोट घेताच त्यांचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा उजळला.

"हेच! तुलेही नासलेलीच देली वं त्या दुकानदारानं," ते म्हणाले, आणि त्यांचा हात माझ्या ग्लासकडे आला. मला प्यावी लागू नये म्हणून.

मला गप्प बसता आलं असतं. पण त्या बाईची कीव मी खूप वर्षं ऐकली होती. मी ग्लास सोडला नाही.

"बाबा, ही चांगली आहे. ही अशीच असते. त्यांचीही चांगलीच होती."

"पण गोड नाही ना."

"नसतेच गोड."

त्यांनी बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

"मंग मी काहून पेलो?" त्यांनी विचारलं.

मी माझा ग्लास संपवला. वाइन फार सुरेख होती.