मानाचा कासरा आणि मूठभर चिंचोके

गावात केवळाबाईचं कौतुक करायला कुणाची ना नव्हती. नवरा वैजनाथ गेला, तेव्हापासून शेत एकटीनं केलं, पोरीचं लग्न लावलं, देवणीच्या माहेराहून आणलेलं गोऱ्हं असं वाढवलं की रेणापूर तालुक्यात त्याला तोड नाही. पांढराशुभ्र बैल, तोंड तेवढं दोन्ही अंगांनी काळं, नाव वानऱ्या. कौतुक सगळे करायचे हो, पण मान द्यायची वेळ आली की ह्यांना बरोबर आठवायचं, बाई हाय, त्यात विधवा. अशा कौतुकाला काय चाटायचंय?

पोळ्याला गावाच्या वेशीत तोरण बांधतात. मानाचा बैल त्याच्याखालून गेल्याशिवाय बाकी एक बैल हलत नाही. तो मान केवळाबाईच्या सासरचा. दरसाल तिचे थोरले दीर आप्पासाहेब आपला बैल पुढं काढायचे. ती म्हणायची, भावजी, एक डाव माझा वानऱ्या जाऊ द्या, कासरा मी धरते. ते म्हणायचे, पुढल्या साली बघू. पुढलं साल यायचं आणि जायचं. आता वानऱ्याचं वय उतरायला लागलं होतं, आणि तिच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

औंदा श्रावणात आप्पासाहेबांचा मुलगा हरिओम लातूरहून सुट्टीला आला तो पोकर शिकूनच. पैशाचं नाव नाही, चिंचोक्यांवर खेळ. हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच उघडी, ज्याचा मेळ भारी त्याचा डाव. आणि पानं बघायच्या आधीच प्रत्येकानं चिंचोके टाकायचे, तो बूट. आप्पासाहेबांनी ओसरीवर सगळ्यांना हरवलं आणि छाती अशी फुगवली की काही विचारू नका.

पोळ्याच्या आदल्या दुपारी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळता मळता केवळाबाईनं परत विषय काढला. शेजारचा मलप्पा, उदगीरकडचा माणूस, तिथंच बसला होता. त्याच्याकडं बघून आप्पासाहेब हसले. "मला पोकरात हरव, मग खुशाल धर कासरा."

"मांडा पत्ते," ती म्हणाली आणि हात धुवून ओसरीवर येऊन बसली.

दोघांना सारखे चिंचोके वाटून हरिओम पानं वाटायला बसला. "काकू, चांगली पानं आली तरच खेळ, न्हाईतर टाकून दे," त्यानं मायेनं सांगितलं. तिनं तसंच केलं. पानं टाकत राहिली, बूट भरत राहिली. एकदाही धड लढली नाही आणि ढीग आटून मूठभर चिंचोके उरले.

"केवळा, चहाचं आधण ठेव, डाव आटपत आलाय," आप्पासाहेब म्हणाले.

तिला असा संताप आला म्हणता! पण डोकं ठिकाणावर होतं. ह्या मुठीत अजून थोडा दम आहे, तिनं हिशेब केला. एवढे हरले तर भावजींना टोचतील, म्हणून ते विचार करतील. आणखी दोन-चार बूट भरले, की उरलेल्याला ते हिंग लावून विचारणार नाहीत, हसत हसत कसल्याही पानावर बरोबरीनं लावतील. चांगल्या पानांची वाट बघत बसायची चैन आता आपल्याला नाही.

पानं आली, राजा आणि पंजी. ना जोडी, ना रंग. तिनं सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं लोटले.

"काकू, ऑल इन?"

"तुला दिसतंय की."

दुपारभर नुसती पानं टाकणारी बाई एकदम सगळं लावते, म्हणजे हिच्याकडं एक्क्यांची जोडी असणार, असं आप्पासाहेबांना वाटलं. त्यांनी पानं टाकली. पुढल्या डावाला तिनं परत सगळे लावले, त्यांनी परत टाकली. तिसऱ्यांदाही तेच. बुटाचे चिंचोके तिच्याकडं सरकत गेले आणि आप्पासाहेबांचा रंग उतरत गेला.

चौथ्यांदा त्यांचं टाळकं फिरलं. "थट्टा लावलीस व्हय?" म्हणत त्यांनीही बरोबरीनं लावले. त्यांच्याकडं एक्का होता. तिच्याकडं दोन सत्त्या. हरिओमनं मधली पानं एकेक उलटली, एक्का काही आला नाही, मेळ तिच्या जोडीचाच भारी ठरला. मोठा ढीग तिच्याकडं गेला. तिथून पुढं आप्पासाहेब रागानं खेळले, आणि रागानं खेळणाऱ्याचं जे होतं तेच झालं. दिवे लागायच्या आत त्यांच्यासमोर नुसती सतरंजी उरली.

"मी मजेत म्हणलो होतो गं," ते म्हणाले.

"आप्पा, मी बसलो हाय न्हवं इथं," मलप्पा बोलला. "मजेत न्हाई, घमेंडीत म्हणलात."

आप्पासाहेबांनी तोंड वाकडं केलं. "बरं, बैल तिचा जाईल. पण कासरा हरिओम धरंल. वेशीत बाईमाणूस पुढं, बरं दिसत न्हाई."

केवळाबाई चिंचोके गोळा करून उठली. त्यांना वाटलं, मानली.

पोळ्याला वेशीत सगळ्या गावचे बैल उभे, हलग्या वाजत होत्या. केवळाबाई वानऱ्याला घेऊन तोरणाशी आली. आप्पासाहेब आपल्या जोडीपासून पुढं झाले आणि त्यांनी हात पसरला. "आण कासरा."

"न्हाई."

हलग्या थांबल्या. "सगळा गाव खोळंबलाय, केवळा."

"खोळंबू द्या. मी लई सालं खोळंबले, तवा कुणाला घाई नव्हती." तिचा हात कासऱ्यावर घट्ट होता. "बैल माझा, मान मी जिंकलेला. कुणाला अडवायचंय त्यानं आडवं यावं."

तिनं हरिओमकडं पाहिलं. तो बाजूला सरला. मग बाकीचेही सरले. तोरणाखालून वानऱ्याला घेऊन ती ताठ मानेनं पार झाली. तिच्यामागं दुसऱ्या नंबरला आप्पासाहेबांची जोडी होती.