रहेमतुल्ला चाचाचं रेफर

आमच्या धामणगाव बढ्यात रहेमतुल्ला चाचानं बांगडी भरली नाही असा हात शोधून सापडायचा नाही. नुसती बोटं दाबून तो माप सांगतो, आणि बांगडी मनगटावर अशी उतरते, जसं पाणी उतारावरून यावं. शाळा त्याची दुसरीपर्यंत. पण इंग्रजीतला एक शब्द आपल्याला पक्का ठाऊक आहे, असं तो मानायचा. रेफर. शेजारच्या कडूबाच्या दवाखान्याच्या कागदावर तो लिहिला गेला आणि कडूबा चादरीत परत आला. पाठोपाठ गल्लीतली जनकाबाईही. रेफर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हे चाचानं मनाशी धरलं.

गेल्या हिवाळ्यात सून महनूरला कळा लागल्या. पोरगा आसिम ट्रक घेऊन ओडिशाकडे, फोन लागेना. चाचानं एकट्यानंच तिला सरकारी दवाखान्यात आणलं. बाळ आडवं होतं. समता सिस्टरनं कागद हातात दिला.

"चाचा, बुलढाण्याले रेफर केलं. गाडी उभी आहे."

चाचानं खाटेचा गज घट्ट धरला. "नाही नेत. मरायचंच असन तं आपल्या घरी मरन."

"काऊन मरन ती?"

"मले फसवू नका, बाई. तो शब्द मले समजते."

खाटेवर महनूर कण्हत होती. वेळ जात होता. समतानं एकदम आपला हात पुढे केला. "दाबा. माप सांगा."

बोटं सवयीनं हलली. "सव्वादोन."

"ते तुमच्या पेटीत नसलं तं अडीचची घालसान?"

"गळून पडन ते. मलकापूरच्या दुकानाची चिठ्ठी देतो."

"चिठ्ठी दिली म्हणजे मी मेली का? हेही तसंच. ऑपरेशनचं सामान इथं नाही, तिथं आहे. कडूबाले चार दिवस घरी ठेवलं होतं, चाचा. त्याले उशिरानं मारलं, कागदानं नाही."

"अब्बा, चला ना," महनूर म्हणाली.

चाचानं गज सोडला.

राजूर घाटात गाडी वळणामागून वळण घेत होती. महनूरचा हात गार पडत चालला होता. घरून बायको खैरुन्निसाचा फोन आला.

"काय म्हणाले?"

"रेफर केलं."

पलीकडून रडणंच ऐकू आलं.

"रडू नको, ऐक. इथं सामान नव्हतं, तिथं आहे. इतकाच मतलब हाय त्याचा."

"अन् तिथंही नसलं तं?"

चाचानं महनूरचा गार हात आपल्या हातात घेतला. "तं तेही रेफर करतीन," तो म्हणाला. "अन् आपण जाऊ."