डाव्या बाजूची गोधडी

दौलतची जुनी जीप बेल्यात त्याच्या घरासमोर उभी आहे. चारही चाकं बसली आहेत, बॉनेटवर कोंबड्या झोपतात. कोणी विकत मागितली तर दौलत अंगावर धावून जातो. बायको गेली आणि याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय, जीभ उचलली की टाळ्याला लावली! मी भिंतीला भिंत लागून राहतो. त्याचं डोकं ठिकाणावर आहे, आणि तेच वाईट आहे.

दौलतचा सारा जन्म बेला–आदिलाबाद रस्त्यावर सवाऱ्या वाहण्यात गेला. चंद्रभागा, त्याची बायको, शिकलेली नव्हती, पण बोलायला फटकळ. माझ्यासारख्या पेन्शनर कारकुनालाही दोन सुनावून जायची. तिला साखरेचा आजार होता. पायांना काही कळेनासं झालं, मग दोन्ही किडन्या गेल्या आणि लघवी पार बंद झाली. हप्त्यातून दोनदा आदिलाबादला नेऊन मशीनवर रक्त साफ करून आणायचं, एवढ्यावर तिचं जगणं होतं.

मशीनवरून उतरली की तिला हुडहुडी भरायची. बसवतही नसे. म्हणून दौलतनं पुढची डावी सीट काढून टाकली आणि तिथं खाली जाड गोधडी अंथरली. हीटर नेमका तिथंच, समोरच्या पत्र्याच्या आत. ती त्याला पाय लावून, शाल घेऊन आडवी व्हायची. आमच्याकडची पौषातली थंडी हाडात शिरते, त्यामुळे हीटर सतत चालू.

एका दुपारी दवाखान्यातून परतल्यावर ती उठली तर गोधडी ओली. लुगडंही मागून ओलं. पाणी कोमट, पिवळसर. दौलतला वाटलं, बाई लाजेल. पण तिचा चेहरा उजळला होता.

"अवो, सुटली! मले लघवी सुटली!"

दौलतचा विश्वास बसेना. त्यानं गोधडी भिंतीवर वाळत टाकली. थोड्या वेळानं पाहतो तर तिला मुंग्या लागलेल्या. साखरवाल्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता आणखी काय पुरावा पाहिजे? तो गडी भिंतीला टेकून रडला. मी पाहिलं.

घरात मात्र तिला थेंबही येत नसे. त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. "गाडीत शेक लागते नं. शेकानंच मोकळं होते." मग ती रोज सकाळी दारातल्या गाडीत झोपू लागली. इंजिन चालू, हीटर चालू. अर्ध्या-पाऊण तासानं गोधडी ओली व्हायची आणि चंद्रभागा राणीसारखी खाली उतरायची. शेजारच्या भागाबाईला हाक मारून सांगायची. बाकी बायका पदराआड हसल्या, तिला फिकीर नव्हती.

आणि तिनं मशीनला जायचं सोडलं.

"डॉक्टरले सांगू नका," ती म्हणाली. "ते सुया सोडत नाही. माहं आंग आता सोताच काम करून राह्यलं."

एक पाळी चुकली, दुसरी चुकली. तिचं तोंड सुजलं. बायका म्हणाल्या, भरून आली. मला राग येतो तो दौलतचा. समोरची काच आतून चिकट, धुरकट होत होती. गाडीत गुळचट वास होता. हीटरमधून फिरणारं रेडिएटरमधलं पाणी रोज उतरत होतं आणि हा रोज भरत होता, बाटलीतलं गोडसर कूलंट थोडं आणि विहिरीचं पाणी जास्त. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर यानं दारातूनच सांगितलं असतं, 'हीटर गळते तुमचा.' पण बुडत्याला काडीचा आधार. हा तर काडी घट्ट धरून बसला होता.

संक्रांतीच्या बाजाराला त्यानं सवाऱ्या घेतल्या. सगळे मागे बसले. डाव्या बाजूला धुतलेली, वाळलेली गोधडी तशीच होती. निम्म्या वाटेवर त्यानं ती सरकवायला हात घातला. गोधडी ओली होती. कोमट.

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून कोणीतरी विचारलं, "काय झालं जी?" दौलतनं खाली वाकून पत्र्याच्या मागे बोट घातलं. हीटरच्या सांध्याला थेंब धरला होता. त्यानं बोट जिभेला लावलं. गोड लागलं.

सवाऱ्या उतरवून तो रेडिएटरवाल्याकडे गेला. डॅशबोर्ड उकलून दोघांनी हीटरची पितळी जाळी बाहेर काढली. रेडिएटरवाल्यानं एक तोंड बंद केलं, जाळी पाण्याच्या टाकीत बुडवली आणि दुसऱ्या तोंडातून हवा सोडली. सांध्यातून बुडबुड्यांची माळच सुटली.

"ये तो कबका लीक है, दौलतभाई. तुमको मालूम नै पड़ा क्या?"

दौलत म्हणाला, "टाका मारो. पक्का मारो."

आता हे त्यालाच माहीत, की आधी घरी येऊन का सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "हातानं येत होतं ते केलं. तोंडानं जमत नोतं." तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रभागा भिंतीला उशी लावून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. त्यानं तिची उशी नीट केली आणि सांगणं सकाळवर टाकलं.

सकाळी ती नेहमीसारखी गाडीत जाऊन उशीला टेकून पडली. दौलत स्टिअरिंगवर बसला. हीटर इतका छान चालत होता की काचेवर वाफ म्हणून नाही. अर्धा तास गेला. तिनं गोधडीवरून हात फिरवला. पुन्हा थोड्या वेळानं फिरवला.

"आज येऊन नाही राह्यली," ती म्हणाली. "अजून थोडं थांबा."

"चंद्रभागे," दौलत म्हणाला, "ते तुहं नोतं. हीटरचं पाणी होतं. सांधा उकलला होता. काल टाका मारून आणला."

तिनं गोधडी पुन्हा एकदा चाचपली. तिला खोटं म्हणावंसं वाटलं असेल, पण गोधडी कोरडी होती.

"मंग दुरुस्त काऊन केला?" ती म्हणाली.

दौलतनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि आदिलाबादच्या रस्त्याला लावली. ती नको म्हणाली नाही. दवाखाना येईपर्यंत तिनं हात गोधडीवरून काढला नाही.