रांजणातली ओवी

धुळा मेजरला बुड टेकायचं माहीतच नव्हतं. कडेगावच्या स्टँडमागं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानात स्टूलही होतं, पण त्यावर गिऱ्हाईक बसायचं. धुळा उभ्यानंच रेडिओचं पोट उघडायचा. तार जोडताना पाय हलायचा, पाय थांबला की बोटं वाजायची. मेजर म्हणजे काय, फौजेत सिग्नलला पंधरा वर्षं काढून नाईक म्हणून सुटला होता. पण सुटून आलेल्या प्रत्येकालाच गाव मेजर म्हणायचं. त्याच्या बापाचा, बिराप्पाचा, सारा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. ती चाल पोराच्या रक्तात उतरली आणि दहा बाय आठच्या दुकानात कोंडली गेली.

त्यात गेल्या जत्रेपासून त्याला नुसता घोर लागलेला.

आटपाडीकडच्या त्यांच्या वाडीला बिरोबाची जत्रा भरायची आणि बिराप्पा ओव्या म्हणायचा. त्याचा आवाज म्हणजे भरल्या विहिरीत मोट बुडावी तसा, खोल आणि भरीव. पण वय झालं तसा तो चार रांगांपलीकडं पोचेना. मागची माणसं उठून पाळण्याकडं जायला लागली. वाडीत वीज आली तसं गेल्या साली पंचांनी कडेगावच्या दादासोचा लाऊडस्पीकर सांगितला. लिंबाच्या झाडावर दोन कर्णे चढले. बिराप्पानं कानावर हात ठेवून पहिली ओवी धरली, आणि कर्ण्यातनं जे बाहेर पडलं ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. मागच्या पोरांनी ‘ब्यां’ केलं. सगळी जत्रा हसली.

म्हातारा तिथंच खाली बसला. "मशिन आसंल तिथं मी न्हाई," एवढंच बोलला.

मशिन नसेल तर ऐकायला माणूस नाही, आणि असेल तर गायला बिराप्पा नाही. मेंढरं जन्माला कशी आली ते सांगणारी त्याची लांबलचक ओवी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. धुळाला हे खात होतं.

एक दिवस तो मिरजेला गेला आणि फौजेतनं सुटताना मिळालेला सगळा फंड मोडीत निघालेल्या एका थेटराच्या, आवाज वाढवायच्या जर्मन मशिनवर घालून आला. दोन माणसांनी उचलायचं धूड. आत काचेचे व्हॉल्व्ह, लावले की निखाऱ्यागत लाल व्हायचे. त्याची बायको धोंडूबाई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "हे बोलतं कशातनं?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. स्पीकरला पैसा उरला नव्हता.

दादासो रोज पान खायला येऊन दुकानासमोर थांबायचा. "काय मेजर, हत्ती घेतलासा, आन् घंटा बांधायला सुतळी न्हाई व्हय?"

"हुईल की."

"आवं, असल्या मशिनला मुंबईचं स्पीकर लागत्यात, सागवानी खोक्यासकट. न्हाईतर माझं कर्णं न्या गड्या, फुकट देतो."

"कर्णं नगं."

"मग वाजवा ताटल्या!"

धुळा दुकानातल्या दुकानात फेऱ्या घालायचा. फौजेत एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती: लहान मशिन पिळलं की ते बोंबलतं, आणि मोठं मशिन हळू चालवलं की त्याचा दम टिकतो. म्हणजे स्पीकर गरीब असला तरी चालेल, पोटात जाणारं स्वच्छ पाहिजे. फळीवर मेलेल्या रेडिओंचे कागदी स्पीकर पडून होते. त्यातले चार त्यानं निवडले, मशिनला झेपतील असे दोन-दोन करून जोडले. सागवानी खोक्याऐवजी कुंभाराकडनं चार बेढब रांजण आणले आणि एकेका तोंडावर एकेक स्पीकर बसवला.

वाजवून बघितलं. धोंडूबाई दुकानामागच्या घरातनं, चुलीपासनं ओरडली, "रांजणात म्हसरू पडलंय काय?"

खरंच होतं. रांजण नुसते घुमत होते. मग धुळानं वाडीवरनं कातरणीच्या लोकरीचं पोतं आणलं आणि गादी भरावी तशी ती रांजणात ठासली. आता आवाज बाहेरच येईना.

"आता म्हसरू मेलं," धोंडूबाई म्हणाली. मग हात घालून तिनं लोकरीचा गोळा बाहेर ओढला आणि नवऱ्याकडं असं बघितलं की तसं फौजेतल्या सुभेदारानंही कधी बघितलं नसेल. "धनगराच्या पोटचं हायसा न्हवं? लोकर ठासत्यात का? पिंजत्यात."

दोन दिवस ती पिंजत बसली. ढगासारखी हलकी लोकर रांजणात सैल सोडली. तिसऱ्या दिवशी धुळानं मशिन लावलं आणि दुकानातनं माईकमध्ये हळूच म्हणाला, "धोंडे, च्या ठेव."

परसात रांजणांकडं पाठ करून बसलेली धोंडूबाई गरकन वळली. तिला वाटलं, नवरा मागंच उभा आहे.

पण अजून म्हातारा होता. रांजण गाडीत घालून धुळा वाडीवर गेला, तर बिराप्पा तोंड फिरवून बसलेला.

"आबा, कर्णं न्हाईत ह्यात."

"मग काय हाय?"

"लोकर. आपल्याच मेंढरांची."

म्हाताऱ्यानं स्पीकर उचलायला लावला, आत हात घातला, बोटांत लोकर चोळली. "लय झ्याक पिंजलीय. कुणी?"

"तुमच्या सुनंनं."

"मग म्हंतो. तुझ्या मशिनसाठनं न्हाई."

जत्रेत दिवस कलत होता. भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली. स्पीकरच्या कागदात तो शिरू नये म्हणून धुळानं रांजणांच्या तोंडाला धोंडूबाईचं जुनं लुगडं बांधलं होतं. बिराप्पानं कानावर हात ठेवला. ओवी उठली, आणि पाळण्याकडची माणसं माघारी वळली. कर्ण्याचा तो पत्रा कुठंच नव्हता. माळावरच्या शेवटच्या माणसालाही वाटावं, बिराप्पा आपल्याच खांद्याशी उभा राहून गातोय. दादासो पान चघळायचं विसरला.

धुळाचा पाय मात्र थांबेना. त्याला दुसरंच ऐकू येत होतं. ओळ संपली की रांजणातनं एक बारीक शीळ यायची. छातीतली. बिराप्पाचा दम ओळीच्या शेवटाला फाटत होता. घरात, माळावर, मेंढरांच्या गलक्यात हे कुणाला कधी कळलंच नव्हतं. आता चारी रांजण ते सांगत होते.

त्यानं मशिनचं बारीक आवाज कापायचं बटण हळूच फिरवलं. शीळ दबली. पण तिच्यासंगं आवाजातली ती खरखरही गेली, ती घोंगड्याची ऊब. नुसता गुळगुळीत, परका कुणी गायला लागला. बिराप्पानं गातागाताच मान वळवून पोराकडं बघितलं. धुळानं बटण होतं तिथं आणलं. शीळ परत आली, बापही परत आला. ओवी संपेपर्यंत तो एकेक शीळ मोजत उभा राहिला.

भंडारा उधळून झाल्यावर बिराप्पा मशिनपाशी येऊन टेकला. घाम पुसत म्हणाला, "तुझ्या ह्या धुडानं माझं बिंग फोडलं की रं. साऱ्या जत्रंला ऐकू गेलं."

"कवापासनं हाय हे?"

"झाली दोन सालं."

"उद्या पयल्या गाडीनं मिरजंला. डाक्टरला दावायचं."

"आन् मेंढरं?"

"मेंढरांमागं मी जातो."

बिराप्पा पोराच्या हलणाऱ्या पायाकडं बघत हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. जवळच उभा केलेला माईक अजून चालूच होता. माळभर तो खोकला पसरला, आणि धुळा मशिन बंद करायला धावला.